काठोकाठ पियाला

मी चुकीचं दार ढकललं, तिथून सगळी सुरुवात झाली.

त्यात माझा दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आमच्या वेळी ताश्कंदच्या कॉलेजांतल्या सगळ्या पोरा-पोरींना सप्टेंबर लागला की कापूस वेचायला खेड्यापाड्यांत पाठवायचे. अडीच महिने कमरेत वाकून मी घरी परतले, तेव्हा नोव्हेंबर अर्धा सरला होता. पाऊस कालपासून नुसता भुरभुरत होता, अंगणात तुतीची पिवळी पानं फरशीला चिकटून बसली होती. सालोमत आत्याने भोपळ्याचं सारण भरलेले, मोदकासारखे मांते उकडले होते. आई-वडील गेल्यापासून मला हिनेच वाढवलेलं, आणि घरात शब्दही हिचाच. आमच्या निळ्या वाडग्यात तिने मोजून दहा मांते ठेवले आणि वर ताटली झाकली. त्या वाडग्यावर पांढऱ्या बोंडांची नक्षी होती. वेचून आले तरी कपाशी काही पिच्छा सोडत नव्हती.

"देस्पिनाला देऊन ये," आत्या म्हणाली. "आणि तिकडेच गप्पा छाटत बसू नकोस."

देस्पिना मावशी ग्रीक. मी रांगत होते तेव्हापासून ती आमच्याच सामाईक अंगणात, नळाजवळच्या तिसऱ्या दारात राहायची. मी नेहमीसारखं कोपराने दार ढकललं... आणि समोर एक उंच मुलगा. बाह्या दुमडलेल्या, हातात सुरी, पुढ्यात कांद्यांचा ढीग आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मी बघतच राहिले. त्याने सुरी ठेवली, हात पुसले, दोन्ही हात पुढे करून माझ्याकडून वाडगा घेतला, ताटली बाजूला सारली – आणि मी तोंड उघडायच्या आत एक मांता खाल्लासुद्धा.

"हे... हे देस्पिना मावशीसाठी आहेत," मी म्हटलं.

त्याचा घास गालातच थांबला. "ती कोपऱ्यातल्या खोलीत गेली. इथलं छत गळत होतं म्हणून."

"मग तुम्ही गळक्या छताखाली कशाला आलात?"

"मी ते दुरुस्त केलं. आता तिला पस्तावा होतोय."

"असू दे. मांता परत द्या."

"हा?" त्याने फुगलेल्या गालावर बोट ठेवलं. "हा आता जरा अवघड आहे."

मला हसू आलं, ते मी दाबलं. वाडगा ओढून घेतला. तेव्हा त्याचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. बोंडांच्या टोकांनी नखांभोवती सगळं ओरबाडून निघालं होतं.

"कपाशी?" त्याने हळूच विचारलं.

"आणि हे रडणं कांद्याचं की माझ्या आत्याच्या हातच्या चवीचं?"

"कांद्याचं. माझ्याच शेतातला आहे, तरी दया नाही."

त्याचं नाव त्रोफिम युगाय. कोरियन. त्यांची माणसं फेब्रुवारी-मार्चला टोळी करून दूर माळरानांवर जायची, दुसऱ्यांच्या जमिनी करायला घ्यायची, कांदे-कलिंगडं पिकवायची आणि थंडी पडली की परतायची. वडील त्याच वर्षी ताश्कंदच्या इस्पितळात वारले आणि इथेच पुरले गेले, म्हणून तो आणि त्याची आई वेरा काकू आपलं गाव सोडून शहरात आमच्या अंगणात आले होते. हे सगळं मला देस्पिना मावशीने सांगितलं. पण ते नंतर. आधी तिने मांते मोजले.

"नऊ? सालोमत आयुष्यात कधी कोणाला विषम वाढत नाही. दहावा कुठे गेला?"

मी कशी लाल झाले असेन, ते तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारात त्रोफिम उभा. दोन्ही हातांत आमचा निळा वाडगा.

"मावशी म्हणाली, 'नऊ मी खाल्ले पण सुरुवात तू केलीस, तेव्हा वाडगा तूच भर.'"

आमच्या अंगणात रिकामा वाडगा कोणाचा उंबरा ओलांडत नसे. सात चुली होत्या आणि सातांचे देव-धर्म वेगळे, पण हा नियम सगळ्यांचा एकच. देस्पिना मावशी कालव्याकाठची पालेभाजी खुडून पापुद्र्यांची वडी भाजायची, एम्मा आजी जर्मन पद्धतीचा भुरभुरीत केक पाठवायची, तातार शेजारीण त्रिकोणी समोसे. दुपारी बारा वाजता अंगणात उभं राहिलं तर नाकाला कळायचं नाही की आपण कुठल्या देशात आहोत. वाडगा पाठवायचा, तो तिकडून भरून यायचा, की मग पुन्हा आपली पाळी. असं वर्षानुवर्षं चालायचं आणि त्यात कोणाचं लग्न जमायचं, कोणाचं भांडण मिटायचं.

त्याने आणली होती गाजराची कोशिंबीर. केसासारखी लांब चिरलेली गाजरं, लसूण, धन्याची भरड, तिखट आणि वरून कडकडीत तेल. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली.

"फार तिखट झालं का?" तो दारातूनच.

"नाही," मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मग आता बरोबरी झाली. पण मला एकच मिळाला, माझे नऊ मांते बाकी आहेत, हे लक्षात ठेव."

त्यानंतर तो वाडगा काही स्वस्थ बसला नाही. इकडून मूग-तांदळाची खिचडी गेली, तिकडून कोबीचं सारण भरलेले पांढरेशुभ्र उकडीचे गोळे आले. इकडून घोड्याच्या मांसाचे तुकडे आणि बारीक कापलेल्या शेवया, तिकडून सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचं कालवण. त्या दिवशी आत्याने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, बाहेर बर्फ पडत असताना.

"काही मेलेलं तर नाही ना त्यात?" तिने विचारलं.

मी ते कालवण शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं. चवीला चांगलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. वाडगा द्यायला तो दोन्ही हात पुढे करायचा, ही त्यांच्याकडची रीत. घेताना मलाही मग दोन्ही हात लावावे लागायचे... आणि चार हातांत एक वाडगा म्हटल्यावर बोटाला बोट लागणारच. कधीकधी कोणीच तो सोडायचं नाही. मग आतून आत्याचा आवाज यायचा, "वाडग्याला मुळं फुटली का गं?"

जानेवारीत एकदा आमच्या मोहल्ल्याचे पुढारी मिर्सोबिर आले. त्यांना दुसऱ्यांच्या पुतण्या-भाच्यांची फार काळजी. दीड तास बसले. आत्याने पहिल्यांदा घोटभर चहा दिला, मग घोटभर, मग पुन्हा घोटभर. शेवटी तिने किटली उचलली आणि त्यांचा पियाला काठोकाठ भरला. मिर्सोबिर गप्प झाले, चहा प्यायले आणि टोपी घालून चालू लागले.

त्रोफिम तेव्हा आमच्या नळाचं गोठलेलं पाणी सोडवत होता. मी बादली घेऊन गेले तर म्हणाला, "म्हातारा एवढा पटकन कसा उठला?"

"आत्याने पियाला भरला ना."

"म्हणजे?"

"अरे, एवढं माहीत नाही? घोटभर चहा म्हणजे बसा, मी पुन्हा पुन्हा उठून वाढीन. जितका कमी, तितकी माया. आणि काठोकाठ म्हणजे हा प्या आणि निघा."

"आमच्या गावात भरून देणाऱ्यालाच मोठ्या मनाचा म्हणतात." तो हातावरचा बर्फ झटकत म्हणाला. "आणि मला किती देशील?"

"तुला? तुला थेंबभर."

"एवढाच?"

"म्हणजे तू शंभर वेळा मागशील..."

हे बोलून गेले आणि बादली तिथेच टाकून घरात पळाले. पाणी त्यानेच आणून दिलं.

असे ते दिवस. एका दुपारी वेरा काकूंनी मला त्यांची गार शेवयांची वाटी करायला शिकवली. काकडी, अंड्याच्या पट्ट्या आणि वर व्हिनेगरचं गारेगार पाणी, बाहेर हाडं गोठवणारी थंडी.

"हे हिवाळ्यात खातात?" माझे दात वाजत होते.

"आत गार झालं की बाहेरचं ऊबदार वाटतं," त्रोफिम म्हणाला. "वाटतंय का?"

"नाही."

"मग जवळ सरक."

वेरा काकू अगदी वेळेवर मीठ आणायला आत गेल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी जर्दाळूच्या फांद्यांना कळ्यांच्या गाठी धरल्या आणि आम्ही दोघं गप्प व्हायला लागलो. टोळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघणार होती. परत यायचं ते ऑक्टोबरात.

"रविवारी येतो तुमच्याकडे," तो नळापाशी म्हणाला. आवाज एकदम बारीक. "तुझ्या आत्याशी बोलतो. म्हणजे... आधी तुझं उत्तर हवं."

"मग विचार."

"असं नळावर नको. तू चहा ओतशील ना रविवारी? माझ्या पियाल्यात किती चहा पडतो, त्यावरून मी समजेन. थेंबभर असला तर बोलेन. नसला तर... नाही बोलणार."

"वेडा आहेस," मी म्हटलं.

शनिवारी देस्पिना मावशीने मला गाठलं. त्यांच्यातली बरीच घरं त्या वर्षांत ग्रीसला परत चालली होती, तिचीही तयारी चालू होती. "आत्याला आज रात्रीच सांग," ती म्हणाली. "सालोमतला कोणी न विचारता काही केलं की सहन होत नाही. तिला आधी कळलं, तर ती दोन दिवस आदळआपट करेल आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच लग्नाचा पुलाव शिजवेल."

मी सांगितलं नाही. उद्या आपोआपच कळेल, असं म्हटलं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या चुका या 'उद्या'ने केल्यात.

रविवारी सकाळी आत्याने मला चुचवारा करायला बसवलं. नखाएवढ्या पोळीत चिमूटभर खिमा, दुमडायचं आणि टोकं चिकटवायची. आमच्याकडे मुलीची पारख यावरून होते, जितक्या बारीक तितकी पोर गुणाची. मला वाटलं, आत्याला सहज खाव्याशा वाटल्या असतील. दुपारी दोन बायका कापडात गुंडाळलेल्या रोट्या घेऊन आल्या आणि गादीवर ऐसपैस बसल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागणी घालायला आल्या होत्या.

त्यांतली जाडी चमच्यात चुचवारा उचलून मोजत होती. "सात मावल्या," ती म्हणाली. आत्याचा चेहरा उजळला. आणि तेवढ्यात दार वाजलं.

त्रोफिम. देस्पिना मावशीच्या नवऱ्याचा टाय लावलेला, केस ओले करून बसवलेले. दोन्ही हातांत निळा वाडगा. ताटलीखाली चिकट तांदळाच्या वड्या होत्या, त्यांच्याकडे शुभकार्याला करतात त्या. वेरा काकू पहाटेपासून कांडत असणार.

दारात आलेल्याला आमच्याकडे परत पाठवत नाहीत. आत्याने त्याला बस म्हटलं. तो उंबऱ्याजवळ बसला. वाडगा तिने माझ्याकडे दिला, मी तो फडताळात ठेवला.

"शेजारी का?" जाडीने गोड आवाजात विचारलं. "तुमच्या अंगणात सगळ्या जातींची माणसं आहेत, ऐकलं होतं. मुलीचं फार येणं-जाणं नाही ना त्यांच्यात?"

"छे, छे," आत्या म्हणाली. "नफोसत, पोराला चहा दे."

मी किटली उचलली. खोलीतली सगळी माणसं माझ्या हाताकडे बघत होती. त्या बायका पाहत होत्या, कारण मुलगी चहा कसा ओतते यावर त्या घरी जाऊन तासभर बोलणार होत्या. तो पाहत होता. घोटभर ओतला असता तर झालं होतं सगळं. मला एक शब्दही बोलावा लागला नसता. इतकं सोपं पुन्हा कधीच काही माझ्या वाट्याला आलं नाही.

तेवढ्यात आत्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी ओतला असता घोटभर. पण ती रागावली नव्हती, घाबरली होती. माझ्यासाठी जिने स्वतःचं लग्न केलं नाही, ती बाई दोन परक्या बायकांसमोर डोळ्यांनी मला विनवत होती, आता इथे नको. मला वाटलं, तूर्त वेळ मारून नेऊ. संध्याकाळी नळावर त्याला सगळं सांगू, आत्याला रात्री सांगू. तो समजून घेईल.

मी ओतत गेले. चहा वर चढला, काठाला लागला, ओघळून चादरीवर सांडला.

त्याने आधी पियाल्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. त्याने तो पियाला दोन्ही हातांनी उचलला, नेहमीसारखाच, आणि वाफाळता चहा एका दमात संपवला.

"चहा छान होता," तो आत्याला म्हणाला. "निघतो. घरी काम आहे."

"समजूतदार आहे हो पोरगा," दार लागल्यावर जाडी म्हणाली.

संध्याकाळी मी नळावर गेले, तो आला नाही. पण माझ्या हातात एक गोष्ट होती. वाडगा आमच्याकडे होता, म्हणजे पाळी माझी. काही बोलायची गरज नव्हती, नऊ मांते करून नेले असते तरी त्याला कळलं असतं. सोमवारी आत्या दिवसभर घरात होती, तिच्यासमोर भोपळा चिरायचा धीर झाला नाही. मंगळवारी मी भोपळा चिरला, आणि कोणीतरी आलं म्हणून झाकून ठेवला. बुधवारी सकाळी आत्याला सरळ सांगितलं, "त्रोफिमकडे चाललेय." ती खाली बघून तांदूळ निवडत राहिली. मी मांते उकडले, मोजून नऊ ठेवले आणि अंगण ओलांडलं. वेरा काकू दारात सामान आवरत बसल्या होत्या.

"पहाटेच गेले सगळे," त्या म्हणाल्या. "यंदा बर्फ लवकर वितळला. ट्रक आधीच आला."

मी वाडगा पुढे केला. त्यांनी ताटली उचलून पाहिली आणि पुन्हा झाकली. "हे मी घेऊन काय करू, बाळ? तो तीन दिवस दार उघडं ठेवून बसला होता. एवढ्या थंडीत. मी ओरडले तरी लावू देईना."

त्या उंबऱ्यावर बसून मी मांते खाल्ले. नऊच्या नऊ. रडत खाल्ले.

ऑक्टोबरात तो आला नाही. तिकडेच राहिला, वेरा काकूंनाही बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी टोळीच्या मुकादमाची मुलगी त्याने केली, असं ऐकलं. पत्ता माझ्याकडे होता. मी तीन पत्रं लिहिली आणि तीनही चुलीत घातली. आता वाटतं, एक तरी टाकायचं होतं. तो परत आला नसता कदाचित, पण त्याला खरं तरी कळलं असतं.

मी त्या जाड बाईच्या घरी सून म्हणून गेले. सासू पुढे चांगली निघाली, नवराही वाईट नव्हता. आयुष्यभर त्याला मी घोटभर-घोटभर चहा दिला आणि त्याने कधी कमी-जास्त म्हटलं नाही. आत्याने शेवटच्या आजारपणात एकदा माझा हात धरला आणि म्हणाली, "त्या दिवशी मी तुझ्याकडे पाहायला नको होतं." मी म्हटलं, "किटली माझ्या हातात होती." नवरा गेल्यावर मी पुन्हा आत्याच्या खोल्यांत राहायला आले. देस्पिना मावशी, एम्मा आजी, सगळे आपापल्या देशांत निघून गेलेले. अंगणात आता गाड्या उभ्या असतात.

पण एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. कोरियन लोक पाच एप्रिलला आपल्या माणसांच्या कबरींवर जातात, रांधलेलं घेऊन. जिथे कुठे असतील तिथून येतात. त्रोफिमचे वडील ताश्कंदच्याच मातीत आहेत. म्हणून इथे परत आल्यापासून दर वर्षी मी एक भोपळा एप्रिलपर्यंत राखून ठेवते. पाच तारखेला मांते करते, नऊ, निळ्या वाडग्यात. संध्याकाळपर्यंत वाट बघते. मग खाते.

मागच्या एप्रिलात त्या दिवशी पाऊस होता, पहिल्या दिवशी होता तसाच भुरभुरता. दार कोपराने ढकलल्यासारखं उघडलं. पांढरे केस, पाठीला जरा बाक, आणि बुटांना कबरस्तानाची ओली माती.

"चुकीचं दार नाही ना?" तो म्हणाला.

शेहेचाळीस वर्षं मी त्याला काय काय सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते, "बूट बाहेर काढ."

तो बसला, उंबऱ्याजवळच. मी त्याला आत बोलावलं. वाडगा समोर ठेवला, ताटली काढली. त्याने ओठ हलवत मोजलं.

"नऊ?"

"दहावा तू तेव्हाच खाल्लास."

 तो खायला लागला, एकेक, सावकाश. मी चहा ओतला. पियाल्याचा तळ जेमतेम झाकेल एवढा. त्याने तो पाहिला, प्यायला आणि पियाला पुढे केला. मी पुन्हा तेवढाच ओतला.

"त्या दिवशी तू घाबरलीस, ते मला तिथेच कळलं होतं," तो म्हणाला. "तरी प्यायलो. वय तसं होतं. आठवडाभर जीभ भाजलेली होती, कांदासुद्धा तिखट लागत नव्हता."

"मी बुधवारी आले होते."

"आईने सांगितलं. ऑगस्टमध्ये. तोपर्यंत मी तिकडे शब्द दिला होता."

मी ओतला. तो प्यायला.

"दर वर्षी येतोस? वडिलांकडे?"

"एक-दोन वर्षं चुकली असतील."

"आणि इथे..."

"इथे काठोकाठ प्यायलो होतो, नफोसत. त्यावर पुन्हा कोण येतं? तूच सांगितलं होतंस ना अर्थ. यंदा मात्र वाटलं, पुढच्या वर्षी पाय इथवर आणतील की नाही, म्हणून जुनं दार ढकलून पाहिलं."

म्हणजे दर पाच एप्रिलला मी इथे भोपळा चिरत होते आणि तो ट्रामने अर्ध्या तासावर उभा होता.  मी चहा ओतत राहिले, थेंब थेंब, आणि तो पुन्हा पुन्हा पियाला पुढे करत राहिला. त्याने सांगितलं, झोयाला, त्याच्या बायकोला, आता फारसं चालवत नाही. मुलगी गाडी घेऊन बाहेर थांबली आहे. नात गाजर अगदी आजीसारखं बारीक चिरते. माझं मी सांगितलं. किटली दोनदा उकळली.

बाहेर हॉर्न वाजला. तो उठला नाही. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

"हा वाडगा नेऊ?" त्याने विचारलं. मांते संपले होते.

"ने. पण रिकामा परत येता कामा नये."

"ठाऊक आहे." वाडगा त्याने मांडीवर घेतला, तरी बसूनच राहिला. मग दोन्ही हातांनी पियाला माझ्यापुढे धरला. 

"आता भर," तो म्हणाला. "तू भरल्याशिवाय मला उठता यायचं नाही."

मी किटली उचलली आणि ओतत गेले. चहा वर चढला, काठाला लागला, तिथेच मी थांबले. या वेळी एक थेंबही सांडला नाही. त्याने तो फुंकर घालत, अगदी शेवटच्या घोटापर्यंत, सावकाश प्यायला. आणि मग तो उठला.